काळी चारवरचं स्टिकर आधी काढा

सांगली जिल्ह्यातून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा चौदा वर्षांचा, नववीत. सातवीपर्यंत तालुक्यातल्या सगळ्या गायन स्पर्धा मारल्या, टीव्हीच्या एका ऑडिशनलाही दुसऱ्या फेरीपर्यंत गेला. दिवाळीपासून आवाज फाटतोय, वर गेला की चिरकतो. म्हणून बाबांनी रियाज दुप्पट केला, पहाटे पाचला उठवतात, आणि पट्टी, म्हणजे ज्या उंचीवर तो सा लावतो ती, खाली येऊ नये म्हणून हार्मोनियमच्या काळी चारवर, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या काळ्या बटणावर, स्टिकर चिकटवलंय. पुढच्या महिन्यात आणखी एक ऑडिशन आहे. ताईंचे प्रश्न दोन : क्लास बदलावा का, आणि सायन्स घेऊन संगीतातली विशारदची परीक्षा जमेल का?

ताई, तुमचे दोन्ही प्रश्न मी जरा बाजूला ठेवते. मला खटकलं ते शेवटून तिसरं वाक्य, जे तुम्ही सहज लिहून गेलात : 'हल्ली घरात फारसा बोलत नाही, आवाज जपतो.' चौदा वर्षांचं पोरगं आवाज जपायला गप्प बसत नाही हो. तोंड उघडलं की आवाज फाटणार आणि बाबांच्या कपाळावर आठी येणार हे त्याला कळलंय, म्हणून तो गप्प आहे.

मुळात तुमच्या मुलाचा आवाज गेलेला नाही, त्याला कंठ फुटतोय. आपल्या आजीला हे एका वाक्यात कळलं असतं, आपण मात्र क्लासची फी, ट्रॉफ्या आणि यूट्यूब चॅनेलच्या नादात विसरलो. पेटीची पट्टी ठरलेली असते, कारण पेटी वाढत नाही, पण गळा वाढतो. स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात, पूर्ण वाढलेल्या पुरुषातसुद्धा जेमतेम दोन सेंटिमीटरच्या आसपास, खालून फुप्फुसातली हवा आली की ते थरथरतात. काळी चारचा मध्य सा लावायचा तर सेकंदाला साधारण 208 वेळा, आणि तार सा, म्हणजे त्याच्या वरच्या सप्तकातला सा, लावायचा तर बरोबर दुप्पट. नुसता त्या तंतूंचा आवाज म्हणजे भोपळ्याशिवायचा तानपुरा, घसा, तोंड आणि नाकाच्या पोकळीत घुमल्यावर त्याचं गाणं होतं. वयात येताना मुलांचे हे तंतू मुलींपेक्षा बरेच जास्त लांब आणि जाड होतात. तार लांब-जाड झाली की स्वर उतरणारच, तानपुऱ्याचा खर्ज बघा ना. बरेचसे पुरुष काळी एक-दोनच्या आसपास गातात, आणि काळी एकचा सा म्हणजे सेकंदाला 139 च्या जवळपास. म्हणजे स्टिकर लावून तुम्ही त्याला गेल्या वर्षीच्या गळ्याने गायला सांगताय, जो आता त्याच्याकडे नाहीये!

आणि ते ज्येष्ठमध, खडीसाखर, हळदीच्या गुळण्या. द्या, बरं वाटतं, मीही घेते. पण त्याने स्वरतंतूंना वंगण मिळतं हा समज सोडा, कारण गिळलेलं अन्ननलिकेत जातं आणि स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात. गिळताना ती वाट बंद होते, चुकून थेंब तिकडे गेलाच तर ठसका लागतो. पाणी उपयोगाचं आहे, पण ते दिवसभर पिऊन शरीरातून पोचतं. वाफ मात्र श्वासाबरोबर थेट जाते. धोका वेगळाच आहे, ताणून ओरडून गायलं की तंतूंवर गाठी येऊ शकतात आणि ज्येष्ठमधाने त्या जात नाहीत. दोन-तीन आठवडे आवाज सतत बसलेलाच राहिला किंवा गाताना दुखायला लागलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून कॅमेऱ्याने गळा तपासून घ्या.

क्लास बदलायचा का, तर सरांना एवढंच विचारा की कंठ फुटताना मुलांना कसं शिकवता. 'जोर लावला की मोकळा होईल' असं उत्तर आलं तर बदला, उद्याच. विशारदचं म्हणाल तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा सायन्स घेऊनही देता येतात, लोक नोकरी करून देतात, घाई नाही.

तोवर काय? हे काही महिने चालतं, कुणाकुणाचं वर्षाच्या वर. गाणं अगदी बंद नको, पण जिथे सहज लागतं तिथे, हळू, थोडा वेळ, आणि आजची पट्टी त्याने स्वतः शोधायची, ती पुढच्या महिन्यात बदलली तरी चालेल. बाकी वेळ ऐकणं, तबल्यावर ठेका धरणं, पेटीवर हात बसवणं. खंड पडला की संपलं असं बाबा म्हणत असतील तर त्यांना शास्त्रीय गायक कुमार गंधर्वांची आठवण द्या. लहानपणीच गाजलेला गळा, पुढे ऐन तरुणपणी क्षयरोग झाला, मध्य प्रदेशातल्या देवासला काही वर्षं गाणं बंद. कारण अगदी वेगळं, मान्य, पण त्या काळात माळव्यातली लोकगीतं कानावर पडत राहिली आणि नंतरच्या गाण्यात ती उतरली.

करिअरचं मी आज काहीच सांगणार नाही. त्याला गायचंय का, हे अख्ख्या पत्रात कुठे नाही. विचारा, पण बाबा घरात नसताना आणि पेटी समोर नसताना. आणि पुढच्या महिन्यातल्या ऑडिशनला त्याला नेऊ नका, फॉर्मचे पैसे भरले असतील तर गेले समजा.