गाण्यांचा तो 'अल्बम' कसा?

प्रश्न असा आला आहे: "मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'बद्दल वाचताना 'सहावा स्टुडिओ अल्बम' असं दिसतं. आम्हाला अल्बम माहीत तो लग्नाच्या फोटोंचा. मग गाण्यांचा अल्बम कसा? त्याला 'स्टुडिओ' कशाला जोडायचं? आणि मराठीत या सगळ्याला काय म्हणावं?"

लग्नाच्या अल्बमपासूनच सुरुवात करू, कारण गाण्यांचा अल्बम एके काळी हुबेहूब तसाच दिसायचा. आईबाबांच्या लग्नाचा अल्बम आठवा. जाड पुठ्ठ्याचं वेष्टण, आत काळी पानं, फोटो अडकवायला चिकटवलेले इवलेसे तिकोनी कोपरे आणि दोन पानांच्या मध्ये जाळीच्या नक्षीचा पातळ कागद. आता त्या पानांच्या जागी जाड कागदाचे खिसे आहेत, प्रत्येक खिशाला मधोमध गोल भोक आहे, त्यातून आतल्या तबकडीची चिठ्ठी वाचता येते आहे, असं समजा. हा झाला १९४०च्या आसपासचा अमेरिकेतला किंवा इंग्लंडमधला रेकॉर्डचा अल्बम.

तो लागायचा, कारण तबकडीत फारसं काही मावतच नसे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं बसे, बारा इंचीला चार-पाच मिनिटांचं. लांबलचक सिंफनी (पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) ऐकायची तर चार-पाच तबकड्या घ्याव्या लागत. त्यात त्या लाखेच्या, हातातून निसटल्या की तुकडे. म्हणून कंपन्या त्या एकत्र, वहीसारख्या बांधणीत विकू लागल्या. १९४६ साली अमेरिकी गायक फ्रँक सिनात्राचा 'द व्हॉइस ऑफ फ्रँक सिनात्रा' आला तो असाच: चार तबकड्या, आठ गाणी, एक जाडजूड वही. दुकानात जाऊन लोक खरोखरच 'अल्बम' मागत, आणि त्यांना अल्बमच मिळे.

जून १९४८मध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने न्यूयॉर्कमध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी 'लाँग प्ले' तबकडी, दाखवली. मिनिटाला ३३⅓ फेरे, बारीक खाचा, बारा इंची तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. सिनात्राची ती आठ गाणी त्याच वर्षी एका दहा इंची एलपीवर आली. पानं गेली, खिसे गेले, वही गेली. नाव मात्र कुणी बदललं नाही. पुढे कॅसेट आली, सीडी आली, आता तर हातात धरायलाही काही उरलेलं नाही, तरी अल्बम हा अल्बमच.

शब्द असाच वागतो. आपल्या 'शाई'कडे बघा. फारसीत 'सियाह' म्हणजे काळा, त्यावरून 'स्याही' आणि मग आपली शाई. मूळ अर्थच काळेपणा. तरी आपण लाल शाई म्हणतो, निळी शाई म्हणतो आणि कुणालाही खटकत नाही.

अल्बमची कथा याच्या उलटी, आणि मला ती फार आवडते. लॅटिनमध्ये 'अल्बुस' म्हणजे पांढरा. प्राचीन रोममध्ये चौकात पांढरी केलेली फळी लावत आणि तिच्यावर न्यायाधिकाऱ्यांचे जाहीरनामे, नावांच्या याद्या असं सगळ्यांनी वाचायचं काही लिहीत. ती फळी म्हणजे 'अल्बुम'. शेकडो वर्षांनी, सोळाव्या शतकात, जर्मन विद्यार्थी मित्रांच्या आणि गुरुजनांच्या सह्या, चार ओळी, चित्रं गोळा करायला कोऱ्या पानांची वही जवळ ठेवू लागले. तिला लॅटिनमध्ये 'मित्रांचा अल्बम' म्हणत. शाळेच्या शेवटच्या दिवसात आपल्याकडे 'स्लॅमबुक' फिरतं ना, त्याचीच ही पणजी. त्या वहीत पुढे तिकिटं आली, मग फोटो आले, मग तबकड्या आल्या. लग्नाचा अल्बम म्हणजे काळ्या पानांची 'पांढरी' वही, आणि ती तितकीच निर्दोष आहे जितकी लाल शाई. डॉक्टरांच्या रिपोर्टात 'अल्ब्युमिन' वाचलं असेल, तेही याच घराण्यातलं; मूळ अर्थ अंड्यातला पांढरा भाग.

आता बीटल्स या इंग्लिश बँडकडे या. नोव्हेंबर १९६८मध्ये त्यांनी दोन तबकड्यांचा, ३० गाण्यांचा अल्बम काढला. त्यातली बरीच गाणी त्याच वर्षी हृषीकेशच्या आश्रमात सुचलेली. वेष्टण रिचर्ड हॅमिल्टन या चित्रकाराचं: नुसतं पांढरं, बँडचं नाव न रंगवता फक्त उठावात, आणि सुरुवातीच्या प्रतींवर प्रत्येकीचा वेगळा क्रमांक. अल्बमचं खरं नाव 'द बीटल्स' एवढंच, पण जगभर तो 'व्हाइट अल्बम' म्हणूनच ओळखला जातो. व्युत्पत्ती धरली तर 'पांढरं पांढरं'! हॅमिल्टनला लॅटिन अभिप्रेत नसणार, पण दोन हजार वर्षांपूर्वीची चौकातली ती फळी मला त्या वेष्टणात दिसते.

(एक जोड, नात्याची नव्हे, निव्वळ योगायोगाची. मराठीत लग्नात गायच्या गाण्यांना 'धवळे' म्हणत. तेराव्या शतकातल्या महदंबेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर रचलेले धवळे प्रसिद्धच आहेत. आणि 'धवळा' म्हणजेही पांढरा.)

आता 'स्टुडिओ'. हा शब्दही लॅटिनमधून इटालियनमार्गे आलेला; मूळ 'स्टुडियुम' म्हणजे ओढ, मन लावून केलेला अभ्यास. त्यावरून अभ्यासाची खोली, मग चित्रकाराची खोली, मग ध्वनिमुद्रणाची. नुसत्या 'अल्बम'ने भागत असताना हे विशेषण चिकटलं, कारण दुसऱ्या जातींचे अल्बम बाजारात आले. एकच वर्ष घ्या, १९७६. 'फ्रॅम्प्टन कम्स अलाइव्ह' हा प्रेक्षकांसमोर वाजवलेला, टाळ्या-आरोळ्यांसकट मुद्रित केलेला 'लाइव्ह' अल्बम. ईगल्स या अमेरिकी बँडचा पहिला 'ग्रेटेस्ट हिट्स' म्हणजे आधीच येऊन गेलेल्या गाण्यांचं संकलन. आणि त्याच ईगल्सचा डिसेंबरात आलेला 'हॉटेल कॅलिफोर्निया' हा नव्या गाण्यांचा, स्टुडिओत घडवलेला. तिघांना वेगळं ओळखायचं तर तिसऱ्याला नाव हवंच.

'घडवलेला' हा शब्द मी मुद्दाम वापरला. ११ फेब्रुवारी १९६३ला लंडनमध्ये बीटल्सनी एका दिवसात पहिल्या अल्बमची दहा गाणी मुद्रित केली, रंगमंचावर वाजवत तशीच. ऑगस्ट १९६६नंतर त्यांनी दौरे थांबवले, आणि १९६७च्या 'सार्जंट पेपर'साठी महिनोन्महिने त्याच स्टुडिओत बसले. चाळीस वादकांचा ताफा बोलावून त्यांचं वादन थरावर थर चढवलं. हे तेव्हा रंगमंचावर करणं शक्यच नव्हतं. स्टुडिओ आता नुसती जागा राहिली नाही, तेही एक वाद्य झालं. पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडच्या 'डार्क साइड ऑफ द मून' अल्बममधलं (१९७३) 'मनी' ऐका. सुरुवातीला नाण्यांचा खणखणाट, कागद फाटल्याचा आवाज, गल्ल्याच्या यंत्राची घंटी. सात आवाज, सात मात्रा. फितीचे तुकडे पट्टीने मोजून कापले, चिकटवले, आणि त्या फितीचं कडं यंत्रावर फिरत ठेवलं. हा ठेका कात्रीने धरलेला आहे. मूळ एलपीवर हे गाणं दुसऱ्या बाजूचं पहिलं: तुम्ही उठायचं, तबकडी उलटायची, की पैसे वाजू लागणार. आणि अख्खा अल्बम हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो, त्याच ठोक्यांवर संपतो.

मराठी प्रतिशब्दाबद्दल माझं मत इथेच पक्कं होतं. 'गीतसंग्रह' असं काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. संग्रह म्हणजे आधी इकडेतिकडे असलेलं एकत्र केलेलं, म्हणजे तो 'ग्रेटेस्ट हिट्स' झाला. स्टुडिओ अल्बम ज्याच्यापासून वेगळा दाखवायचा, नेमकं तेच नाव आपण त्याला देऊन बसतो. 'ध्वनिमुद्रिका' सुंदर शब्द आहे, पण ती वस्तू. 'तबकडी'ही वस्तूच, आणि 'व्हाइट अल्बम'च्या तर दोन तबकड्या. कॅसेटसाठी 'ध्वनिफीत' होता, तो फितीबरोबर मागे पडला. वस्तू बदलली तरी टिकलेला शब्द एकच, अल्बम, आणि तो घराघरात रुळलेला आहे. तोच वापरावा. 'स्टुडिओ' हे विशेषण मात्र दर वेळी ओढून आणू नये. लाइव्ह किंवा संकलनापासून फरक दाखवायचा असेल, किंवा कलाकाराचा कितवा हे मोजायचं असेल, तेव्हा ते हवं. एरवी 'नवा अल्बम' पुरे.

राहिलं व्याकरण. 'तो अल्बम', अनेकवचनीही 'ते अल्बम'. टेबल आपण इतकं पचवलं की 'टेबलावर' सहज म्हणतो. अल्बमच्या बाबतीत 'अल्बमात' आणि 'अल्बममध्ये' दोन्ही ऐकू येतात आणि दोन्ही चालतात. माझ्या लेखणीतून 'अल्बममधलं गाणं' उतरतं. अनेकवचनाला मात्र सामान्यरूप हवंच: 'अल्बमांची यादी'. 'अल्बम्सची' नको, तो इंग्रजीचा 'स' आपल्याला लागत नाही. तेव्हा तुमचं वाक्य मी असं लिहीन: "'थ्रिलर' हा मायकल जॅक्सनचा सहावा स्टुडिओ अल्बम. तो नोव्हेंबर १९८२मध्ये आला. अल्बममध्ये नऊ गाणी आहेत."