डोक्याला मार लागलाय, पण माणूस ठीक दिसतोय. दवाखान्यात न्यायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सासरे, वय ७२. काल रात्री बाथरूममध्ये पाय घसरला, डोक्याची मागची बाजू कट्ट्यावर आपटली. टेंगूळ आलंय, पण रक्त नाही, शुद्ध गेली नाही, सकाळी चहा-पोहे नेहमीसारखे झाले. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत. ते स्वतः म्हणतात, "मला काही झालेलं नाही, उगाच खर्च नको."

न्या. आजच, आणि सीटी स्कॅनची सोय असेल तिथेच. आधी रिक्षा बोलवा, बाकीचं वाटेत वाचा.

अपघात विभागात सिस्टर म्हणून माझी बरीच वर्षं गेली. तिथे आरडाओरडा असायचा तो रक्ताने शर्ट भिजलेल्या तरुणाभोवती. डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे लहानशी खोकही भळाभळा वाहते. असे बरेच जण टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन घरी जायचे. आम्हाला जास्त काळजी असायची ती बाकावर शांत बसलेल्या आजोबांची. टेंगूळ म्हणजे कवटीच्या बाहेर साचलेलं रक्त. आत काय चाललंय ते त्याच्या आकारावरून कळत नाही.

उतारवयात मेंदू थोडा आक्रसतो आणि कवटीशी त्याचं अंतर वाढतं. मधल्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात. हिसका बसला की एखादी फाटते आणि रक्त झिरपू लागतं. आत जागा असल्यामुळे दाब लगेच जाणवत नाही, आणि गोळ्यांमुळे ते झिरपणं लवकर थांबत नाही. म्हणून पोहे खाल्ले यावर विसंबू नका. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २०२३ च्या सूचनांनुसार, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, अपिक्साबान अशी औषधं चालू असतील तर दुसरं एकही लक्षण नसलं तरी मार लागल्यापासून ८ तासांत सीटीचा विचार करावा. नुसती अ‍ॅस्पिरिन असेल तर हा नियम नाही. ८ तास उलटल्यावर रुग्ण आला, तर तो आल्यापासून तासाभरात. तेव्हा 'रात्र तर गेली, आता कशाला' हा हिशेब चुकीचा. गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. आणि घाबरून गोळी परस्पर बंद करू नका. अँजिओप्लास्टीत हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीच्या नळीत, म्हणजे स्टेंटमध्ये, गुठळी झाली तर ते निराळं संकट. तो निर्णय डॉक्टरांचा.

तरुण माणसाच्या बाबतीत धोका वेगळ्या तऱ्हेने येतो. क्रिकेट पाहणाऱ्यांना भारताचा फलंदाज रमण लांबा आठवत असेल. फेब्रुवारी १९९८, ढाका. फलंदाजाच्या अगदी जवळ, शॉर्ट लेगला, हेल्मेट न घालता उभा होता, चेंडू डोक्याला लागला. तो स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला. मग प्रकृती ढासळली, शस्त्रक्रिया झाली, आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. कानाच्या वर, कानशिलापाशी कवटी पातळ असते आणि आतून एक धमनी जाते. तिथलं हाड तडकून ती फाटली तर माणूस काही वेळ अगदी व्यवस्थित बोलतो, आणि मग तासाभरात कोसळू शकतो.

म्हणून कोणालाही मार लागला की पहिले काही तास एकटं सोडू नये, आणि पुढचा दिवसभर लक्ष ठेवावं. डोकेदुखी वाढत चालली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, बोलणं अडखळलं, तेच ते विचारायला लागला, हात किंवा पाय लुळा वाटला, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली, फिट आली, नाकाकानातून पाण्यासारखा द्रव आला किंवा कानामागे काळंनिळं पडलं, तर थांबू नका, १०८ लावा. क्षणभर का होईना शुद्ध गेली असेल किंवा पडल्याचंच आठवत नसेल, तरीही दाखवायचं. दारू प्यायलेला पडला असेल तर 'नशेत आहे, झोपू दे' म्हणणं फार धोक्याचं, कारण नशा आणि मेंदूतला रक्तस्राव वरून सारखेच दिसतात.

झोपू द्यायचं का, हेही तुम्ही विचारलंय. यातलं काही नसेल आणि त्याची रोजची झोपायची वेळ असेल तर खुशाल झोपू द्या. अधूनमधून हाक मारून बघा. नेहमीसारखा कुरकुरत उठला तर ठीक. उठवता उठत नसेल तर ती झोप नव्हे. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालते, आयबुप्रोफेन असलेली गोळी नको. खोक असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा, हळद किंवा कॉफी पावडर भरू नका, टाके घालणाऱ्याला आधी ती उपसत बसावी लागते.

लहान मुलांचं एवढंच सांगते: पडल्यावर लगेच रडलं, थोड्या वेळात खेळायला लागलं, टेंगूळ कपाळावर आहे, तर बहुधा घरी लक्ष ठेवून भागतं. पण वर्षाच्या आतलं बाळ असेल, किंवा दोन वर्षांच्या आतल्या मुलाला टेंगूळ कपाळ सोडून बाजूला वा मागे असेल, तर डॉक्टरांना दाखवाच.

आता सासऱ्यांचं आज सीटी नॉर्मल आलं तरी पडल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. काही जणांत शिरेतलं रक्त इतकं सावकाश साठतं की त्रास तीन-चार आठवड्यांनी, कधी दोन-तीन महिन्यांनी दिसतो: पाय ओढत चालणं, दिवसा पेंगणं, विसरणं, कपड्यात लघवी होणं. तोवर पडल्याचं सगळे विसरलेले असतात आणि 'वय झालं' म्हणून सोडून देतात. वेळेत कळलं तर कवटीला लहान भोक पाडून ते रक्त काढता येतं, आणि बरेचसे रुग्ण पुन्हा चालते-बोलते होतात.

ते यायला तयार नसतील तर वाद घालू नका. त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावा, काय झालं ते सांगा आणि फोन सरळ सासऱ्यांच्या हातात द्या. सुनेचं न ऐकणारे बहुतेक सासरे डॉक्टरांचं ऐकतात.