कोणत्या आफ्रिकन लेखकाच्या आयुष्यातून तुम्ही खरंच काही शिकलात?

केनियाचे न्गुगी वा थिओंगो. मे २०२५ मध्ये गेले, ८७ वर्षांचे होते.

मला ते भेटले एका बटणामुळे. ब्रिटिशांच्या काळातली त्यांची शाळा, तिथे कोणी आपली गिकुयू भाषा बोलताना सापडलं की छड्या, नाहीतर गळ्यात ‘मी गाढव आहे’ अशी पाटी. पोरं सापडायची कशी, तर एकाकडे बटण द्यायचे, त्याने ते गिकुयू बोलणाऱ्याला द्यायचं, त्याने पुढच्याला, आणि संध्याकाळी ज्याच्या हातात बटण त्याने ते कोणी दिलं त्याचं नाव सांगायचं, की मग सगळी साखळी बाहेर. हे वाचून मी पुस्तक मिटून बसले, कारण आमच्या शाळेत मराठी बोललं की दोन रुपये दंड होता आणि नावं लिहायची वही माझ्याकडे असायची. त्याचं अजून वाईट वाटतं.

न्गुगी आधी इंग्रजीतच लिहायचे, नैरोबी विद्यापीठात शिकवायचे. जुलै १९७७ मध्ये त्यांची सरकारवर सडकून टीका करणारी कादंबरी आली, इंग्रजीत, तर प्रकाशनाला खुद्द अर्थमंत्री किबाकी हजर! त्याच वर्षी लिमुरूजवळच्या कमिरीथू गावात त्यांनी गावकऱ्यांना घेऊन गिकुयूत नाटक बसवलं, मळ्यातले मजूर, कारखान्यातले कामगार, सगळे त्यात, म्हातारा माणूस कुठली म्हण वापरेल हेसुद्धा गावातल्या लोकांनी दुरुस्त करून दिलं. त्यावर मात्र बंदी आली आणि ३१ डिसेंबरला न्गुगी आत, खटला नाही काही नाही, जवळजवळ वर्षभर कामिटी तुरुंगात. म्हणजे साहेबाच्या भाषेत काय वाट्टेल ते बोला, मजुराला कळेल असं बोललात की तुरुंग. माझ्यासाठी सगळं यातच आलं.

आणि माणूस नमला नाही हो. तिथेच ठरवलं, यापुढे कादंबरी गिकुयूतच, आणि टॉयलेट पेपरवर लिहून काढली, कागद कैद्यांना त्रास व्हावा म्हणून मुद्दाम खरखरीत दिलेला, पण त्यामुळेच त्याच्यावर पेन छान चालायचं.

१९८० मध्ये ती छापून आली तर लोक घरी, बसमध्ये, बारमध्ये मोठ्याने वाचायला लागले. बारमध्ये एकजण वाचायचा, बाकीचे ऐकायचे, आणि ऐन रंगात आलं की ग्लास रिकामा म्हणून हा पुस्तक खाली ठेवायचा, मग सगळे ओरडायचे, अरे याला अजून एक बाटली द्या!