वाचक विचारतात : कपाटातील जुनी पिक्रिक आम्लाची बाटली

प्रश्न : नागपुरातील एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत मी साहाय्यक आहे. जुन्या कपाटात पिक्रिक आम्लाची बाटली सापडली असून आतील पिवळी पूड पूर्ण कोरडी दिसते. पाणी घालून ती पुन्हा ओली करावी का?

उत्तर : कृपया बाटलीला हात लावू नका; झाकण तर मुळीच फिरवू नका. पिक्रिक आम्ल, म्हणजेच ट्रायनायट्रोफिनॉल, ऊतींच्या अभ्यासासाठी वापरले जात असले तरी मुळात ते स्फोटक आहे, आणि म्हणूनच ते किमान 30 टक्के पाण्यासह ओले ठेवून विकले जाते. वर्षानुवर्षे बंद कपाटात, त्यातही आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात, हे पाणी उडून जाते आणि उरलेली कोरडी पूड घर्षण, धक्का वा उष्णतेने फुटू शकते. खरा धोका बहुधा झाकणाच्या आट्यांत असतो, कारण तेथे साचलेले स्फटिक फिरवताना घासले जातात. झाकण धातूचे असेल तर त्याहून संवेदनशील पिक्रेट क्षार तयार झालेले असू शकतात. 1917 मध्ये कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात ज्या जहाजाच्या स्फोटाने शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त केला, त्याच्या मालातही हे आम्ल होते.

खोली रिकामी करून कुलूप लावा, प्राचार्यांना लेखी कळवा आणि 112 वर पोलिसांना सांगून बॉम्बशोधक व नाशक पथकाची मदत मागा. स्फोटकांच्या सुरक्षिततेचे नियमन करणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरातच आहे. तेथेही सल्ला विचारावा. ही पूड मोरीत ओतण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका, कारण धातूच्या नळांतही तेच क्षार तयार होतात.