गोणीवरचा आकडा आणि रेणूतला आकडा : खतांच्या टक्केवारीची प्रश्नोत्तरे

खरीप जवळ आला की माझ्याकडे तेच ते प्रश्न येतात, फक्त गावं बदलतात. मुलांना पुस्तकातलं गणित आणि बापाच्या गोणीवरचा आकडा जुळत नाही, आणि शेतकऱ्याला दुकानदार जे सांगेल ते खरं वाटतं. म्हणून यावेळी टक्केवारीचेच प्रश्न एकत्र घेतलेत.

युरियात नत्र (नायट्रोजन) ४६ टक्के म्हणतात, माझं उत्तर २३ येतंय. काय चुकलं? (अकरावीतला विद्यार्थी, बार्शी)

युरियाचं सूत्र CO(NH₂)₂, त्यातला कंसाबाहेरचा २ विसरलास. युरियाच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू आहेत, म्हणजे १४ नाही तर २८ धरायचे. कार्बन १२, ऑक्सिजन १६, नायट्रोजन २८, हायड्रोजन ४, एकूण ६०. २८ भागिले ६० गुणिले १०० म्हणजे ४६.६७.

मग उरलेले ५४ टक्के काय असतं? आमच्या ग्रुपवर आलंय की ती भेसळ असते.

साफ खोटं आहे, पुढे पाठवू नका. त्यात ऑक्सिजन २६.६७, कार्बन २० आणि हायड्रोजन ६.६७ टक्के असतो.

एका गोणीत नत्र किती किलो?

युरियाची आताची गोणी ४५ किलोची आहे, त्यामुळे २०.७ किलो. ५० किलो धरून हिशोब करणं सोडा.

डीएपीत (डायअमोनियम फॉस्फेट) स्फुरद (फॉस्फरस) ४६ टक्के लिहिलंय. मुलीने रेणुभारावरून काढलं तर २३.५ आलं, आणि नत्र १८ ऐवजी २१ आलं. कंपनी फसवते का? (शेतकरी, परतूर)

नाही. मुलीचं गणित बरोबर आहे, तिला तसं सांगा. शुद्ध डीएपीचा रेणुभार १३२, त्यात फॉस्फरस ३१, म्हणजे २३.५ टक्केच. पण खताच्या धंद्यात फार जुन्या काळापासून स्फुरद हे पी टू ओ फाइव्हच्या रूपात मोजायची पद्धत आहे, म्हणजे सगळा फॉस्फरस त्या ऑक्साइडमध्ये असता तर किती भरला असता तो आकडा. गोणीवरच्या आकड्याला ०.४३७ ने गुणलं की खरा फॉस्फरस निघतो, ४६ चे साधारण २०. तो २३.५ पेक्षा कमी आणि नत्र २१ ऐवजी १८, कारण कारखान्यातला माल प्रयोगशाळेइतका शुद्ध नसतो. तुमच्या माती अहवालात स्फुरद कोणत्या रूपात लिहिलंय ते मात्र प्रयोगशाळेत विचारून घ्या, नाहीतर दुपटीहून जास्त फरक पडेल.

०-५२-३४ मधला ३४ म्हणजे शुद्ध पोटॅशियम ना? (द्राक्ष बागायतदार, निफाड)

नाही. हे तीन आकडे नत्र, स्फुरद आणि पालाश (पोटॅशियम) यांचे, आणि ३४ हा के टू ओ, म्हणजे पोटॅशियमच्या ऑक्साइडच्या रूपातला आकडा आहे. ०.८३ ने गुणा, २८ येईल.

झिंक सल्फेट २१ टक्केवालं घ्यावं की ३३? दुकानदार म्हणतो ३३ वालं 'हाय पॉवर' आहे, दुप्पट काम करतं. मक्याचे पोंगे पांढरे पडलेत. (शेतकरी, सिल्लोड)

पॉवर वगैरे काही नसतं, फरक फक्त पाण्याचा आहे. झिंक सल्फेटचा स्फटिक स्वतःत पाणी धरून असतो. २१ वाल्यात एका रेणूमागे पाण्याचे सात रेणू, ३३ वाल्यात एकच. जस्त ६५.४, सल्फेटसकट १६१.५, त्यात सात पाण्याचे १२६ मिळवले की २८७.५, म्हणजे जस्त २२.७ टक्के. एकच पाणी धरलं तर १७९.५ आणि जस्त ३६.४ टक्के. नियमाप्रमाणे किमान २१ आणि ३३ भरलं पाहिजे, म्हणून पिशवीवर ते आकडे. दुप्पट नाही, दीडपटीच्या थोडं वर. १० किलो २१ वाल्यात जस्त २.१ किलो आणि १० किलो ३३ वाल्यात ३.३ किलो, मग पिशवीच्या किमतीला त्या किलोंनी भागा, जस्ताचा किलो जिथे स्वस्त पडेल ते घ्या, जस्त दोन्हीतलं एकच आहे.

पण मला खरी काळजी वेगळी आहे आणि ती मी दरवर्षी सांगतो. मॅग्नेशियम सल्फेट अगदी असंच दिसतं, पांढरं, स्फटिकासारखं, पाण्यात विरघळणारं, स्वस्त, आणि त्यात जस्त शून्य. ते झिंक म्हणून गळ्यात मारलं जातं. शेतकरी पैसे देतो, टाकतो, पंधरा दिवस वाट बघतो, पान सुधारत नाही, मग कोणीतरी सांगतं अजून टाका, आणि मका हातचा गेल्यावर मला फोन येतो. घरी एक ढोबळ तपासणी होते : डीएपी पाण्यात विरघळवून गाळून घ्या, त्यात झिंक सल्फेटचं पाणी ओता, खरं असेल तर दाट पांढरा गाळ बसतो, नुसतं मॅग्नेशियम सल्फेट असेल तर सहसा तसा बसत नाही. अर्धी भेसळ यात कळत नाही, म्हणून हा निकाल समजू नका. सुटं खत घेऊच नका, पक्कं बिल घ्या, शंका आली तर पिशवी जपून ठेवा आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे त्याच दिवशी जा. कायद्यात खत निरीक्षकाने काढलेला नमुनाच चालतो, तुम्ही डब्यात नेलेला नाही. आणि पोंगा पांढरा म्हणजे जस्तच कमी असं फोटोवरून मी सांगणार नाही, लोहाच्या कमतरतेतही कोवळी पानं फिकी होतात. कृषी विज्ञान केंद्रात पान दाखवा, आजच.

झिंक आणि डीएपी एकत्र टाकलं तर मजुरी वाचेल?

नको. वर सांगितलेला गाळच जमिनीत होईल, वेगवेगळं टाका.

एकरी झिंक किती टाकू ते सांगा, माती तपासायला वेळ नाही.

अहवालाशिवाय आकडा देणार नाही. चुनखडीच्या जमिनीत आणि साध्या जमिनीत उत्तर वेगळं येतं. हे पीक निघालं की खत टाकायच्या आधी नमुना काढा, कसा काढायचा ते सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा, आणि अहवाल आला की पाठवा.