फोटो आधी गावात पोचतो

प्रिय पोरी,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुझं पत्र आणि सोबतचा बेत, दोन्ही नीट वाचले. ख्रिस्ती झाले म्हणून छत्तीसगडच्या बस्तरमधलं गाव सोडावं लागलेल्या आदिवासी घरांतल्या माणसांची पोर्ट्रेट काढायची, नोव्हेंबरात छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी प्रार्थनेचा रविवार असतो तेव्हा गडचिरोली-चंद्रपूरकडच्या मंडळ्यांत ती लावायची, मग नेटवर टाकायची आणि ‘जमलं तर’ त्या लोकांना एकेक प्रत द्यायची. काम करण्याजोगं आहे आणि ते तूच करावंस. फक्त हा क्रम उलटा कर. ज्याचा फोटो, त्यानं तो सगळ्यांत आधी पाहायचा. त्याच्या मागोमाग त्याचं गाव पाहणार, हे धरून चालायचं. आपल्या मंडळ्या, पुणे-मुंबई, परदेशातले देणगीदार, हे सगळे त्यानंतर.

गाव कशाला पाहतंय, असं समजू नकोस. नारायणपूर आणि कांकेर हे दोन्ही जिल्हे गडचिरोलीला लागून. इकडची सोयरीक तिकडे, तिकडचा माणूस इकडच्या बाजारात. सकाळी टाकलेला फोटो संध्याकाळी त्याच गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो आणि ज्यांनी त्या घराला हाकललं त्यांच्याही हातात पडतो. त्या घरातल्या बाईला पुढच्या चैत्रात मोह वेचायला, आईला भेटायला, कुणाच्या मातीला त्याच गावात पाय ठेवायचा असतो. तुझ्या फोटोनं तिची ती वाट बंद व्हायला नको.

हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो तुला माहीत आहेच. स्टीव्ह मॅक्करी यांनी तो १९८४ साली पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत काढला आणि जून १९८५ च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर तो आला. जगानं तो चेहरा पाठ केला. तिचं नाव शरबत गुला आहे हे मात्र २००२ साली तिला शोधून काढल्यावर कळलं, आणि तोवर तिनं स्वतः तो फोटो पाहिलेलाच नव्हता. फोटो म्हणून त्याला मी नावं ठेवत नाही, पण ही मधली सतरा वर्षं मला खुपतात. त्याच्याशेजारी १९०४ सालचा काँगोमधला एक फोटो ठेवून बघ. ॲलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईंनी काढलेला. एक बाप ओट्याच्या कडेला बसलाय आणि समोर त्याच्या लहान मुलीचा तोडलेला हात आणि पाय आहे. रबराचा ठरलेला वाटा गावानं भरला नाही म्हणून हे झालं. तो कॅमेऱ्याकडे बघत नाही, हात जोडत नाही, काही मागत नाही. त्याचं नाव न्साला, आणि ते नाव त्या फोटोबरोबर आजपर्यंत टिकलंय. मॅजिक लँटर्नवर, म्हणजे काचेवरची चित्रं पडद्यावर पाडणाऱ्या दिव्यावर, असले फोटो दाखवत हॅरिस दांपत्य युरोप-अमेरिकेत फिरलं, लोकमत तापलं आणि १९०८ मध्ये बेल्जियमच्या राजा लिओपोल्डला काँगोवरचा खाजगी ताबा सोडावा लागला. फोटोनं काही होत नाही असं कुणी म्हणालं तर हे सांग. त्या फोटोमागे नाव, गाव आणि कारण पक्कं होतं, हेही सांग.

म्हणून जाण्याआधी घटना नीट समजून घे. डिसेंबर २०२२ मध्ये नारायणपूर आणि कोंडागाव जिल्ह्यांतल्या गावांतून शेकडो ख्रिस्ती आदिवासींना बाहेर पडावं लागलं. त्यांतल्या अनेकांना नारायणपूरच्या इनडोअर स्टेडियममध्ये ठेवलं होतं. २ जानेवारी २०२३ ला नारायणपुरात चर्चची तोडफोड झाली आणि जमाव आवरायला गेलेले पोलीस अधीक्षकच जखमी झाले. जानेवारी २०२५ मध्ये एका ख्रिस्ती पाळकांची माती त्यांच्याच गावात होऊ द्यायची की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ७ तारखेला वारलेल्या माणसाचं शव २७ तारखेपर्यंत शवागारात होतं. दोन न्यायमूर्तींचं मत एक झालं नाही, आणि शेवटी वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत माती द्यायला सांगितलं गेलं. गावातल्या बाकीच्यांचं म्हणणंही ऐक: यांनी देवाची वर्गणी थांबवली, रीत मोडली, मग गावच्या जमिनीत यांना जागा का? मला हे म्हणणं पटत नाही. संविधानाच्या २५ व्या कलमानं जो अधिकार दिलाय तो गावकीला विचारून घ्यावा लागत नाही. तरीही ते म्हणणं तुझ्या फलकावर एका ओळीत यायला हवं. ते लपवलं तर बाकी लिहिलेल्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि दोन भावांमधला वावराच्या धुऱ्याचा वाद असेल तर तो धुऱ्याचाच वाद, भाऊ ख्रिस्ती आहे म्हणून त्याला छळाच्या रांगेत बसवू नकोस.

संमतीचं काम सगळ्यांत जास्त वेळ खाईल. खाऊ दे. पाळकसाहेबांच्या समोर विचारू नकोस, त्यांच्यासमोर कुणी ‘नाही’ म्हणत नाही. ज्या संस्थेनं तांदूळ आणि ताडपत्री दिली तिच्या माणसासमोर तर मुळीच नाही. हलबी किंवा गोंडी बोलणारी एखादी बाई सोबत घे, जी त्या गावची नाही आणि कुणाची नातलगही नाही. फोटो कुठं लागेल, नेटवर गेला तर परत घेता येत नाही, नाव येईल की नाही, हे सगळं तिच्या तोंडून जाऊ दे. मग त्या दिवशी कॅमेरा काढूच नकोस. रात्रभर घरात बोलणं होऊ दे. दुसऱ्या दिवशी ‘या’ म्हणाले तर अंगठा किंवा सही घे, आणि फलक लागेपर्यंत केव्हाही नको म्हणायची मुभा आहे हे पुन्हा सांग. लेकरांचे चेहरे घेऊच नकोस. गुन्ह्याचा बळी किंवा साक्षीदार असलेल्या मुलाची ओळख पटेल असा फोटो छापायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ची मनाई आहे. एखाद्या बाईवर लैंगिक अत्याचार झाला असेल तर तिचं नाव-चेहरा बाहेर येऊ न देणं हेही कायद्यानंच बांधलेलं आहे. तिनं स्वतः हो म्हटलं तरी आधी वकिलाला विचार.

आपल्याकडच्या एका गावात मी असाच गेलो होतो. तिथं एका घराला हापशीवर पाणी भरू देत नव्हते, चक्कीवाला दळण घेत नव्हता. बातमीसोबत द्यायला हापशीजवळ रिकामा हंडा घेऊन उभी असलेली बाई कुणालाही सुचेल. ती बाई म्हणाली, “मले तथी नोको उभं करू जी. मशीनवर बसते मी. पानी बंद केलं त्याहीनं, माहा धंदा तं चालूच हाय.” पायानं चालवायची जुनी मशीन होती, सुईखाली कुणाच्या तरी ब्लाउजची अर्धी शिवलेली बाही. बॉबिन भरताना तिनं दोऱ्याचं टोक दातात धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. तो फोटो लागला. पाणी बंद असल्याचं खाली दोन ओळींत लिहिलं आणि ते पुरलं. तूही विचार, ‘कुठं बसू, काय हातात घेऊ’ हे त्यांनाच ठरवू दे. कुणी पावसासाठी पॉलिथिनमध्ये गुंडाळलेलं हिंदी बायबल घेईल, कुणी जमिनीचा पट्टा, कुणी कोंबडं. कुणी काहीच घेणार नाही, फक्त शर्टाची वरची गुंडी लावेल. रडणं आलं तर कॅमेरा खाली ठेव. क्रूस हातात देऊन उभं करणं, जळक्या भिंतीसमोर बसवणं, हे नको.

आता उजेड. आपल्याकडे मार्चपासून नऊनंतर अंगणात चेहरा ठेवशील तर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतील. त्या भागातली घरं खालच्या छपराची, कवेलूची, आतून अंधारी. त्याचा फायदा घे. माणसाला दाराच्या आत हातभर, तोंड अंगणाकडे करून बसव. अंगणातून येणारा उजेड पसरट असतो, सुरकुती नि सुरकुती दिसते आणि डोळ्यांत दाराची चौकट चमकते. सारवलेली जमीन खालून पिवळट झाक मारते. ती नको असेल तर पांढरं धोतर अंथर. भिंत छुईनं, म्हणजे पांढऱ्या मातीनं, पोतलेली असेल तर दुसरं काही लागत नाही. तुझ्याकडे कॅमेरा नसला तरी फोन चालेल, पण पोर्ट्रेट मोड बंद कर, तो पदराची किनार आणि केसांच्या बटा खाऊन टाकतो. ब्यूटी फिल्टर तर आधी बंद. स्क्रीनवर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून उजेड लावून घे, मागचं अंगण पांढरं पडलं तर पडू दे. सावळं माणूस सावळंच यायला हवं. तालुक्याच्या स्टुडिओतला पोरगा न विचारता गोरं करून देतो, त्याला आधी बजावून ठेव. आणि खाली बस. ते बाजेवर असतील तर तू जमिनीवर, म्हणजे लेन्स डोळ्यांच्या वर जाणार नाही.

काहीजण हो म्हणतील पण चेहरा नको म्हणतील. तिथं धूसर करण्यावर विसंबू नकोस, काढतानाच चेहरा येणार नाही असं काढ. पाठमोरं, हात, दारातली आकृती. पण हातांचंही नीट बघ. गोंड बायांच्या हातापायांवर गोंदण असतं, आणि चेहरा झाकला तरी मनगटावरच्या गोंदणावरून अख्खं गाव सांगेल ही कुणाची सून ते. तसंच दारावरची नक्षी, अंगणातला माच, लुगड्याचा काठ. फोनमधलं लोकेशन बंद करून जा, नाहीतर फोटोच्या आतच गावाचा पत्ता लिहिलेला राहतो. मूळ फाइली मेमरी कार्डावर ठेवून हिंडू नकोस. मारहाणीच्या क्लिप तुला लोक दाखवतील, पाठवतीलही. त्यातली एकही चौकट कापून वापरू नकोस. फेब्रुवारी २०१५ मध्ये लिबियाच्या समुद्रकाठी एकवीस ख्रिस्ती मजुरांना मारलं, वीस इजिप्तचे कॉप्ट (तिथले जुन्या परंपरेचे ख्रिस्ती) आणि एक घानाचा. त्याचा व्हिडिओ मारणाऱ्यांनीच काढला होता, लोक घाबरावेत म्हणून. त्यांतले बरेच जण मिन्या प्रांतातल्या अल-और गावचे. त्या गावानं आपल्या माणसांची मुकुट घातलेली चित्रं लावली, आणि आज त्यांची आठवण त्या चित्रांतून होते. तूही घरच्यांना विचार, गेलेल्या माणसाचा तुमच्याकडे कोणता फोटो आहे. बहुतेक ठिकाणी आधार कार्डावरचाच निघेल. तो नीट स्कॅन करून, मोठा करून, फ्रेम करून दे. तुझ्या प्रदर्शनात तो लागला नाही तरी चालेल.

फ्लेक्सवर छापू नकोस. आपल्या चौकाचौकांत वाढदिवसाचे आणि निवडणुकीचे चेहरे फ्लेक्सवरच असतात, लोकांची नजर त्यावरून सरकून जाते. बारा बाय अठरा इंचांचे मॅट प्रिंट काढ, डोळ्यांच्या उंचीला लाव, खाली मराठीत ठसठशीत अक्षरांत चार ओळी: नाव (किंवा ‘नाव दिलेलं नाही’), काय काम करतात, काय झालं, केव्हा झालं. ‘शूर’, ‘निष्पाप’ असली विशेषणं नकोत. पोलिसांत तक्रार आहे का, तिचं पुढे काय झालं, हे मात्र हवं. एखादं घर आपल्या हद्दीत राहत असेल आणि इथंही त्याच्यावर बहिष्कार असेल तर फोटोआधी पोलीस ठाण्यात जा. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तिकडे छत्तीसगडमध्ये या कायद्याचा आधार नाही.

आणि फक्त चर्चमध्ये लावू नकोस. गावच्या वाचनालयात, कॉलेजात आणि बुद्धविहारात विचारून बघ. धर्म बदलल्यावर गाव कसं वागतं हे विदर्भात शिकवावं लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेऊन परतलेल्यांपैकी कितीतरी घरांनी मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं म्हणून बहिष्कार सोसलाय, आणि ते सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत. तुझ्या फोटोपुढे ती जे बोलतील ते आपल्या मंडळीतल्या पोट्ट्यांनी ऐकायला हवं. त्यांना उद्घाटनाला बोलव, खुर्ची पुढची दे.

संमतीचा कागद मराठीत लिहून आधी मला पाठव, आपण दोघं मिळून तो अर्ध्या पानात बसवू. हलबी बोलणाऱ्या बाईंसाठी मी कोरचीकडच्या एका ओळखीच्या शिक्षिकेला फोन केलाय, त्या शनिवारी मोकळ्या असतात. जाण्या-येण्याचं भाडं आणि दिवसाचा मेहनताना त्यांना द्यायचा, तो तुझ्या खर्चात धर. घरोघरी द्यायच्या प्रिंटचे पैसेही त्यात आधीच बाजूला काढ, प्रदर्शनाचे फलक मग. माझी पन्नास एमएमची लेन्स वडशाच्या गाडीनं येणाऱ्या तुझ्या भावाजवळ देतो. पावसाआधी जाऊन ये, नंतर नाल्यांना पूर आला की तिकडचे रस्ते बंद होतात.

तुझा काका