सीआरपी, डी-डायमर वाढलेत, पेशंट वाचेल का?

तुम्ही विचारलंय की वडिलांना जबर न्यूमोनिया झालाय, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारा), डी-डायमर (रक्ताच्या गुठळ्यांची खूण), फेरिटिन (हाही सुजेत वाढतो) सगळं वाढलंय, तर यावरून ते वाचतील की नाही हे कळेल का. एका आकड्यावरून नाही कळत. अमळनेरला २२ वर्षं लॅबमध्ये रक्त तपासतेय, आणि माझ्याच घरात या आकड्यांनी तमाशा घातलाय.

२०२३च्या जानेवारीत आप्पांना न्यूमोनिया झाला. वय ७१. तीन दिवस चोपड्याला ठेवलं, मग जळगावला हलवलं. चोपड्याचा सीआरपी ११.२, जळगावचा १०४. भाच्याने दोन्ही कागदांचे फोटो काढून सुरतला दादाला पाठवले. फोटोत आकडे आले होते, शेजारचा युनिटचा रकाना कापला गेला होता. झालं! दादाचा फोन. नऊपट वाढला, आता तिथं ठेवून पैसे कशाला घालवता, घरी न्या. तासाभरात दोन्ही आत्या गाडीत बसलेल्या, केळी कापायला आलेले मजूर परत पाठवलेले.

मी मूळ कागद उजेडात धरले. चोपड्याचा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, जळगावचा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. म्हणजे ११.२ नव्हे, ११२. तिथून १०४. दादाला सांगितलं तर म्हणे, "तू काय डाक्टर शे का? तू निस्तं रगत काढस."

हो, काढते. म्हणूनच मला माहितीय की बारीक शिरेतून जोर लावून रक्त ओढलं तर पेशी फुटतात आणि एलडीएच (पेशींच्या आतलं एन्झाइम) उगाच वाढलेला दिसतो. डी-डायमरचंही तेच रडगाणं, एफईयू आणि डीडीयू अशी दोन युनिटं आहेत आणि पहिल्यातला आकडा साधारण दुप्पट येतो. २०२० मध्ये वुहानच्या १९१ कोविड पेशंटच्या अभ्यासात, भरती होताना डी-डायमर १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असलेल्यांत मृत्यू जास्त आढळले. तेव्हापासून जो तो डी-डायमर विचारतो. अहो, तो वय झालं की वाढतो, ऑपरेशननंतर वाढतो. रोज करायला लावत असतील तर कशासाठी ते विचारा.

आप्पांच्या कॉटशेजारी बसून मी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. ३४. दुसऱ्या दिवशी ३०, मग २६. न्यूमोनियाचा धोका ठरवायची कर्ब-६५ नावाची मोजणी आहे. पेशंट बरळतोय का, रक्तातला युरिया वाढलाय का, श्वास ३० किंवा जास्त, बीपी खाली गेलंय का, आणि वय ६५ किंवा पुढे. पाचात रक्ताची तपासणी एकच, तीही लॅबमधली अगदी स्वस्तातली. चौथ्या दिवशी आप्पांनी मास्क बाजूला केला. "माले भूक लागनी." कळण्याची भाकरी हवी होती त्यांना, मिळाली मुगाची खिचडी.

तुम्ही एवढं करा. रिपोर्ट एकाच लॅबचे घ्या, युनिट वाचा, आणि ऑक्सिजन किती लिटरवरून कितीवर आला हे रोज विचारा. स्टेरॉइड चालू असेल तर सीआरपी उतरतो आणि पांढऱ्या पेशी वाढतात, त्यामुळे सीआरपी खाली अन् ऑक्सिजनची गरज वर असं दिसलं तर पेढे वाटू नका. प्रोकॅल्सिटोनिन (जिवाणूंच्या संसर्गात वाढणारा) किडनी बिघडलेल्यांत तसाही वर राहतो. आणि हे सगळं डॉक्टरांना विचारायला, त्यांच्याशी भांडायला नाही. लॅक्टेट (शरीराला ऑक्सिजन, रक्त पुरत नसल्याची खूण) वाढत असेल तर मात्र माझं उत्तर वाचत बसू नका, आयसीयूचं ऐका.

आणखी एक. उपचार लागू पडत असले तर सीआरपी तीन-चार दिवसांत निम्म्यावर यायला हवा. ११२ वरून १०४ ही चांगली खूण नव्हतीच, जळगावला अँटिबायोटिक बदललं ते त्यामुळेच. हे दादाला मी अजून सांगितलेलं नाही.